शेवळं, काकडं आणि कलम चौदा

१ जून
ब्लॉगला आज तीन वर्षं झाली. विषय रानभाज्या. वाचक एकशे बारा. आमच्या भातसानगर कॉलनीत धरणाचं पाणी मोजणारे पुष्कळ, लिहिणारा मी एकटा.

३ जून, सकाळी
एका वाचन-ॲपचा मेल. माझे सगळे लेख हवेत. शेवटी कुणाला तरी अक्कल आली.
करार सव्वीस पानी. माझी बायको प्रेमा, तिने तो पूर्ण वाचला. कलम चौदापाशी थांबली. लेख कायमचे त्यांचे, वाटेल तसे बदलणार, आणि तक्रार आली तर जबाबदार तुम्ही, म्हणाली. शहापूरला वकिलाकडे पंधरा वर्षं खरेदीखतं टाइप करते, त्यामुळे प्रत्येक कागदावर संशय. साहित्यातलं तिला काय कळणार.
'मान्य' दाबलं. मुरबाडच्या मेव्हण्याला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. जळतो.

९ जून
शेवळांवरचा लेख ॲपवर आला. निम्मा कापलाय. नावाच्या जागी 'संपादकीय विभाग'. मोठ्या ठिकाणी असंच असतं. काकडांचा, म्हणजे शेवळांत घालायच्या आंबट रानफळांचा, परिच्छेदही गेला. शेवळांत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

१२ जून
ॲपच्या तक्रारीवरून माझा ब्लॉग बंद झाला. कारण: मी ॲपवरचा मजकूर चोरला. तांत्रिक चूक असणार. उद्या सुरू होईल.

१४ जून
झाला नाही.
दुपारी सकुबाई दारात. ठाकूरवाडीची. शेवळं कशी ओळखायची ते मला हिनेच शिकवलं. लेखात 'एक स्थानिक महिला' म्हणून उल्लेख केला होता, तोही कापला गेला.
म्हणाली, "भाऊ, बाजारात माझी शेवळं कोनी घेत नाय. बाया सांगतात, मोबाईलवर बघून केली नि घसा धरला. तुमी काय लिवलात?"
मी म्हटलं, ते संपादकीय विभागाने लिहिलंय. तसं ते खरंच आहे. ती चहा न घेता गेली.

१५ जून
ॲपला कडक तक्रार लिहिली. तासाभरात उत्तर: तक्रार लेखकाकडे पाठवली आहे.

१५ जून, संध्याकाळी
मला नोटीस. माझ्या लेखाविरुद्ध तक्रार आली आहे, सात दिवसांत खुलासा करा. तक्रारदार मीच. प्रेमाने वाचलं आणि करारातलं कलम चौदा उघडून माझ्यापुढे ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

२० जून
रजा टाकून शहापूरच्या बाजारात सकुबाईशेजारी बसलो. लोकांना स्वतः समजावणार होतो. एक बाई थांबल्या. सांगितलं, काकडं घ्या, रस घातल्याशिवाय भाजी करू नका. त्यांनी मोबाईल पुढे केला. म्हणाल्या, यात तर असं काही नाही. मी म्हटलं, तो लेख माझाच आहे. त्यांनी खालचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, हातातली जुडी परत ठेवली आणि गेल्या.
सकुबाई म्हणाली, "भाऊ, तुमी जरा लांब बसा. गिऱ्हाईक जातंय."