गाठींवरचं कुंकू

जानेफळ,
१५ मार्च १९६३

प्रिय अन्नपूर्णा,

मंगळवारी, १२ मार्चला, दुपारी साडेबारा वाजता मेहकरच्या कोर्टात आमच्या वकिलांनी तुला विचारलं, की दिवाळीनंतर जानराव गाडीवानाने सतरंज्यांच्या नऊ गाठी तुमच्या दारात उतरवल्या का. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मले काही आठवत नाही." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दिलेली पानंच्या पानं तू बिनचूक म्हणून दाखवायचीस. माझ्या चुकासुद्धा तुझ्याच लक्षात असायच्या. तुझी स्मरणशक्ती एका दुपारीत गेली, हे मी मानत नाही.

माझं बरं चाललं आहे. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे सतरंजी केंद्र काढलं, तेव्हा म्हातारपणी कशाला व्याप, असं तूच म्हणाली होतीस. मग तुझ्या यजमानांकडून, शंकररावांकडून, पहिलं मोठं काम मिळवून दिलंस तेही तूच. त्या नऊ गाठींसाठी आमच्या बायका भर पावसाळ्यात मागावर बसल्या. सोजराबाईच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आता शंकरराव म्हणतात, माल पोचलाच नाही, पैसे कसले द्यायचे.

पावती का घेतली नाही, हे तुमच्या वकिलांनी अशा सुरात विचारलं की अख्खं कोर्ट हसलं. जानराव हसला नाही. तो म्हणाला, "मालकीणबाईनं बैलाच्या पायावर पाणी घातलं, गाठीले कुंकू लावलं. त्याच्यावर सही मागू काय? मंग तोंड कसं दाखवू?" न्यायाधीश मुंबईकडचे, त्यांनी नुसतं लिहून घेतलं. पण तुला आणि मला ठाऊक आहे. दारात आलेल्या मालाला घरच्या बाईने कुंकू लावलं की तो घरचा झाला. त्यानंतर कागद पुढे करणं म्हणजे त्या बाईला खोटी ठरवणं. जानरावने तुझा मान राखला, एवढीच त्याची चूक.

शंकरराव त्या दिवशी मलकापूरला गेले होते, हे मला तूच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितलंस. वर म्हणालीस, की लाल पट्ट्याची सतरंजी फार उठून दिसते, एक घरातच ठेवून घ्यावीशी वाटली. मी हे कोर्टात सांगितलं, तर ते ऐकीव म्हणून बाजूला सारलं. डोळ्यांनी पाहणारी एकटी तू आहेस.

उत्तर देण्याआधी तू मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलंस. तिथे शंकरराव बसले होते. स्वतः पाहिलेलंही नवऱ्याच्या तोंडाकडे बघून आठवायचं असतं, हे माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बाईला नवीन होतं. मला राग आला, अजून आहे. पण बाहेर पडताना तू शंकररावांच्या मागे खाली मान घालून माझ्या शेजारून गेलीस, हेही मी पाहिलं. त्या घरात तुला काय सोसावं लागतं, हे मी इतकी वर्षं विचारलं नाही. तू सांगितलंही नाहीस.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं. काल केंद्राच्या समितीत ठराव झाला, की माल पोचला नसेल तर जानरावनेच तो वाटेत विकला. त्याच्यावर पोलिसात फिर्याद करावी. अध्यक्ष म्हणून सही माझी लागते. मी करणार नाही, हे सांगून टाकलं. मग शनिवारी, २३ मार्चला, ते दुसरी अध्यक्ष निवडतील आणि ती करील. जानरावच्या गाडीत आताच कुणी माल भरत नाही. वकील म्हणतात, तू साक्ष द्यायला तयार असल्याचं लेखी कळवलंस, तर तुला पुन्हा बोलावण्याचा अर्ज ते देतील. त्यानंतर त्या घरात राहणं तुला जड गेलं, तर माझी मागची खोली तुझी आहे, हवे तितके दिवस. मात्र उत्तर कुणाच्या तोंडी निरोपाने नको. शुक्रवार, २२ मार्चच्या संध्याकाळपर्यंत ते तुझ्या हातचं, तुझ्या सहीचं, मला मिळालं पाहिजे.

तुझीच,
कुमुदिनी