मुळांवरच्या गाठी

आटपाडी, २० फेब्रुवारी १९७८

अखेर सासूबाई हो म्हणाल्या! म्हणजे अर्धवट हो. "रोपं चांगली आली तर जा कराडला." ह्यांनी सुट्टी संपवून पलटणीत जाताना सगळं आईवरच टाकलं होतं.

रोपवाटिकेचे साहेब सुबाभळीचं बी आणि काळ्या पुडीचं पाकीट देऊन गेले. पुडीत जिवाणू आहेत — मुळांना धरून राहतात, झाडाला हवेतलं नत्र मिळवून देतात. माझी रोपं मे महिन्यात पसंत पडली तर कराडच्या रोपवाटिकेत कायमची नोकरी. मी चहा करत होते तोवर साहेब ओसरीवर सासूबाईंनाच सगळं समजावत बसले होते. मॅट्रिक झाले आणि चुलीपुढं बसले, ती अजून उठले नाही. आता नाही तर कधीच नाही.

२२ फेब्रुवारी

गूळ पाण्यात उकळला आणि पार निवू दिला — गरम असता तर जिवाणू मेले असते. त्यात पुडी कालवली, बियांना चोळली, सावलीत वाळवलं. निम्मं बी तसंच ठेवलं, फरक कळायला. गुळाला मुंग्या आल्या. सासूबाई मुंग्यांवर गॅमेक्झिनची पावडर मारायला निघाल्या, कसंबसं अडवलं. "पेरतीस का परसाद वाटतीस गं?"

१९ मार्च

भावाच्या मुलीचं बारसं. जाऊ दिलं नाही. "म्हशीचं कोन बघंल?" म्हशीला निदान दावं दिसतं तरी.

८ एप्रिल

पुडीची रोपं गर्द हिरवी, बिनपुडीची पिवळी, खुरटलेली. एक हिरवं उपटलं — मुळांवर गाठीच गाठी! नखानं फोडली, आत गुलाबी. म्हणजे जिवाणू कामाला लागले! सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. आनंदात मी त्यांना काही सांगितलंच नाही.

२ मे

दळण घेऊन परत आले तर परसात धूर. हिरवी रोपं सगळी उपटून पाचटावर पेटवलेली. पिवळी तेवढी जागेवर.

"गाठी व्हत्या गं मुळास्नी. माझ्या माहेरी असल्याच गाठींनी पानमळा बसला. रोग पसरला असता समदीकडं."

पानवेलीच्या गाठी रोगाच्याच असतात, ते खरं आहे. मीच सांगायला हवं होतं. कुणाला बोल लावू? भाकऱ्या थापता थापता रडले.

८ मे

साहेब आले. पिवळी रोपं बघितली, चहा घेतला, गेले. घरच्याच माणसाचं नाव कसं घेऊ? जेवताना सासूबाईंनी न मागता तूप वाढलं.

२५ जून

मोरीमागं, भांड्यांचं पाणी जातं तिथं, एक सुबाभूळ. गुडघ्याच्या वर गेलेली, गर्द हिरवी. बुडाची माती उकरली. गाठी.

सासूबाई तांब्या घेऊन आल्या आणि थबकल्या. "रोगट रोप ठेवलंत कसं, आत्याबाई?" मी विचारलं.

"रोग न्हवताच. सायबानं गाठींचं मला आदीच सांगितलं व्हतं." मग खाली बघत, "तू गेल्यावर हे घर खायला उठलं असतं गं मला."

तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी घातलं.