चौदावा नियम

सोमवार, ९ जुलै १९७९

पाकिटावर काय लिहिलंय — "कै. मिस सी. रिग्बी यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांस"! व्यवस्थापक म्हणजे मी. बावीस वर्षं सतरा नंबरचा तुकडा दोन फावडी खोल खणला, घोड्याची लीद हातगाडीनं वाहिली, गोगलगायी मिठात बुडवल्या, आणि आज मी कोण? तर व्यवस्थापक!

पत्र ग्रिमशॉचं. भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्यानं देणाऱ्या बागसंघाचा चिटणीस. टाइप केलेलं, त्यात दोन चुका. चौदावा नियम असा की तुकडा ज्याच्या नावावर आहे तो वारला, तर पुढे फक्त त्याचा नवरा किंवा बायको तो चालवू शकते. नाहीतर प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला जातो. सिसी फेब्रुवारीत गेली. मी तिची बहीण. बहीण नियमात नाही. मायकेलमासच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, खोपटं रिकामं करून किल्ली द्यायची.

आणि नाव सिसीचं का होतं? कारण १९५७ साली तुकडे वाटले त्या दिवशी माझी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळची पाळी होती. रांगेत ती उभी राहिली. कार्डावर एकच नाव मावतं. बस्स, एवढंच कारण!

सिस्टर इग्नेशिया शाळेत म्हणायच्या, राग आला की अक्षर सुधारावं. हे पान बघा, किती सुरेख आहे.

गुरुवार, १९ जुलै

समितीपुढे उभी राहिले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं.

ग्रिमशॉ म्हणाला, "आमची सहानुभूती आहे, मिस रिग्बी, पण यादीत एकेचाळीस नावं आहेत. तुम्ही नाव घालू शकता. बेचाळिसावं."

मी म्हटलं, "मी सहासष्ट वर्षांची आहे, मि. ग्रिमशॉ. बेचाळिसावा नंबर लागेल तेव्हा मला तुकडा लागेल, पण सहा फुटांचा, आणि तो द्यायला चर्च समर्थ आहे."

दोघंतिघं हसले. मग मतदान. नियमाच्या बाजूनं सात हात. त्यातला एक हेस्केथचा!

एमोस हेस्केथ, अठरा नंबर, आमच्या कुंपणाला लागून. आयुष्यभर खाणीत काम केलं आणि वर आल्यावर सगळ्या जगाला पट्टी लावून सरळ करायला निघाला. त्याची कांद्यांची रांग सुतात आखलेली. अकरा वर्षांपूर्वी मधली पायवाट "सरळ" केली ती आमच्या बाजूला अर्धा फूट सरकवून. तेव्हापासून मी त्याच्याशी गरजेपुरतं बोलते. सिसी मात्र दर वर्षी त्याला डॅमसनच्या, त्या आंबट जांभळ्या फळांच्या, जॅमची बाटली द्यायची. "अगं, एकटा माणूस आहे," म्हणायची. मेथडिस्ट, दारू वर्ज्य, त्यामुळे जिनमध्ये मुरवलेली डॅमसन तो नाकारायचा, जॅम मात्र बाटलीत बोट घालून चाटायचा.

तोच हात. चाटायचा तोच हात वर केला.

शनिवार, २१ जुलै

सोळा पौंड गूजबेरी. दोन्ही मनगटं ओरबाडलेली. शेंडे आणि देठ खुडायला तीन तास लागले. दोघी होतो तेव्हा दीड लागायचा, आणि त्यातही सिसी बोलत असायची.

हिरवी फळं साखरेत उकळली की गुलाबी होतात. दर वर्षी सिसी म्हणायची, "बघ विने, लाजली." दर वर्षी मी म्हणायचे, मूर्खासारखं बोलू नकोस. आज कुणी काही बोललं नाही, आणि तो गुलाबी रंगच मला सहन होईना.

अकरा बाटल्या. खाणार कोण?

शनिवार, २८ जुलै

पाऊस. कोबीवर गोगलगायी. ग्रिमशॉवर का चढत नाहीत?

सोमवार, ६ ऑगस्ट

घेवडा थांबत नाही. ज्या बागेतून हाकललंय तिच्यातला घेवडासुद्धा थांबत नाही. तीन पौंडांना एक पौंड मीठ, दगडी बरणीत थरावर थर. सिसी चिरायची, मी मीठ घालायचे. आता चिरायचं, हात धुवायचे, मीठ घालायचं, पुन्हा चिरायचं. बोटावर कापलं ते मिठात गेलं. मोठ्यानं जे बोलले ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नव्हते.

हेस्केथ कुंपणापलीकडून: "काय झालं हो, बाई?"

"काही नाही. नियमाप्रमाणे चाललंय."

मग खोकत बसला. त्याचा तुकडा खालच्या बाजूनं निम्मा उजाड पडलाय, माझ्या आज लक्षात आलं. सुतात आखायला तिथे काही उरलेलंच नाही.

मंगळवार, १४ ऑगस्ट

यादीतलं पहिलं नाव बघायला आलं. पेनी. लाकडी तळाचे बूट, पोटात मूल, बरोबर दाढीवाला नवरा. मी बोलावलं नसताना फाटकातून आत! म्हणाली, "किती सुंदर आहे हो! ही काटेरी झुडपं कसली?"

गूजबेरी ओळखू येत नाही. आणि हिला माझी जमीन.

चिडायचं होतं. पण ती खाली वाकून रुबार्बच्या पानाला हात लावत म्हणाली, "हे खातात ना?" मी म्हटलं, "देठ खायचे. पान विषारी असतं. मुलाला हात लावू देऊ नका." मला काय गरज होती सांगायची!

शनिवार, २५ ऑगस्ट

बागसंघाचं प्रदर्शन. सिसीनं जॅमचा चषक नऊ वेळा आणला. यंदा मी एकटीनं गूजबेरीची बाटली ठेवली, माझ्या हातच्या चिठ्ठीसह. शेवटचं वर्ष आहे, त्या सातांना बघू दे की कुणाला हाकलतायत.

दोन वाजता तंबू उघडला. बाटलीवर पांढरं कार्ड: "नियमाप्रमाणे नाही." चवसुद्धा घेतली नव्हती!

परीक्षक बाई, मोत्यांची माळ, खालच्या आवाजात: "जॅमवर मेणकागदाची चकती घातली तर वर सेलोफेन हवा. फिरकीचं झाकण असेल तर चकती घालायची नाही. तुम्ही दोन्ही घातलंय."

बावीस वर्षं झाकणं सिसीनं लावली. मी चिठ्ठ्या लिहिल्या, कारण माझं अक्षर चांगलं. झाकण कसं लावायचं ते मी कधी बघितलंच नाही. तिच्याकडे पाठ करून टेबलाशी बसायचे आणि "गूजबेरी, जुलै" लिहायचे.

हेस्केथ शेजारी येऊन उभा. त्याच्या कांद्यांना दुसरं बक्षीस. म्हणाला, "सकाळी टेबलावर बघितलं तेव्हाच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

बाटली उचलली आणि घरी आले.

रविवार, २६ ऑगस्ट

चर्चमध्ये मासला गेले. क्षमा करण्यावर प्रवचन होतं. मी टोप्या मोजल्या.

बुधवार, ५ सप्टेंबर

२९ सप्टेंबर! ज्यानं आयुष्यात एकदा फावडं धरलंय त्याला विचारा. रुबार्बचा कंद हलवायचा तो पानं मेल्यावर. गूजबेरी हलवायची ती पानगळ झाल्यावर. डॅमसनच्या बुंध्याशी फुटलेली रोपं, तीही. म्हणजे सगळं नोव्हेंबरात. आणि किल्ली सप्टेंबरात. म्हणजे मी बाग कुठे दुसरीकडे नेऊसुद्धा शकत नाही. आणि नेणार तरी कुठे? घराच्या मागे फरशी आणि कोळशाची कोठी.

ग्रिमशॉला पत्र लिहिलं. फक्त नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत द्या. "कृपया" दोनदा लिहिलं. दोनदा!

सोमवार, १० सप्टेंबर

उत्तर आलं. "मायकेलमासची तारीख ही परंपरा असून तीत बदल करणे समितीस शक्य नाही." ग्रिमशॉच्या बागेत फक्त डेलिया आहेत. खायचं एक पान नाही. असल्या माणसाकडून काय अपेक्षा करणार!

बुधवार, १२ सप्टेंबर

सकाळी जाऊन बघते तर माझ्या झुडपांना लाल लोकर बांधलेली! सहा गूजबेरींना, रुबार्बच्या दोन कंदांना, डॅमसनच्या तीन पोरक्या रोपांना. म्हणजे समितीनं खुणा केल्या, उपटायच्या. माझ्या पाठीमागे, किल्ली माझ्या खिशात असताना!

सगळी लोकर सोडवली आणि खताच्या ढिगात गाडली.

गुरुवार, १३ सप्टेंबर

पुन्हा बांधलीय!! या वेळी दुहेरी गाठ.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

सकाळी सातलाच जाऊन खोपटात बसले, हातात फावडं. साडेसातला कुंपणाच्या फटीतून आधी टोपी आली, मग हेस्केथ. काखेत लोकरीचा गुंडा.

मी म्हटलं, "समितीनं तुम्हाला पाठवलं?"

इतका दचकला की खोकल्याची उबळ आली. पाणी द्यावं लागलं, माझ्याच थर्मासच्या झाकणातून. मग म्हणाला, "समितीला काय कळतंय? त्या पेनीला विचारलंय मी. नोव्हेंबरात लोकर बांधलेलं सगळं मी उचलून नेलं तर चालेल, म्हणाली. फक्त एक रुबार्ब ठेवा म्हणाली."

"नेणार कुठे?"

"माझा खालचा अर्धा मोकळाच आहे. आता खणवत नाही मला. पुढचं पत्र मलाच यायचंय, जमीन पडीक ठेवली म्हणून."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "मग हात कशाला वर केलात?"

त्यानं टोपी काढली. म्हणाला, "चौदावा नियम माझाच आहे, मिस रिग्बी. एकसष्ट साली मीच मांडला. त्याआधी माणूस गेला की बायकोलासुद्धा बाहेर काढायचे. मी खाणीत होतो. म्हटलं, उद्या छत खाली आलं तर एडिथला निदान बटाटे तरी राहतील." मग, "तीच आधी गेली. पण तिच्यासाठी केलेल्या नियमाविरुद्ध मला हात वर करता येईना."

लोकर तिच्या स्वेटरची. बाही उसवून आणलेली. आणि मी ती खतात गाडली होती.

शनिवार, २२ सप्टेंबर

डॅमसन उतरवली. हेस्केथनं शिडी धरली. धरल्या धरल्या सारखा बोलत होता, डावीकडे वाका, उजवीकडे वाका, ती फांदी राहिली. मी म्हटलं, "तुम्ही वर चढा, मी खाली उभी राहून शहाणपणा करते."

"छाती परवानगी देत नाही. नाहीतर कधीच चढलो असतो. तुम्ही निम्मी फळं सोडताय."

चौदा बाटल्या झाल्या. चकती आणि सेलोफेन. झाकण नाही.

त्याला एक दिली. सिसी द्यायची म्हणून दिली.

गुरुवार, २७ सप्टेंबर

या माणसाला वेड लागलंय.

खोपटातली हत्यारं त्याच्या खोपटात नेत होतो. मी म्हटलं, उपकार समजते, वसंतात येऊन तुमचा खालचा अर्धा बघत जाईन. तो बादलीवर बसला होता. म्हणाला, "पाहुणी म्हणून यायचं ना? आणि मला काही झालं की? पुन्हा मायकेलमास, पुन्हा किल्ली. सहा गूजबेरी आणि तीन डॅमसन घेऊन कुठे जाल?"

"तुम्हाला काय होणार आहे?"

"डॉक्टर म्हणतो दोन हिवाळे. कदाचित तीन." हवामान सांगावं तसं सांगितलं. मग, "चौदावा नियम नीट वाचा, बाई. नवरा किंवा बायको, एवढंच लिहिलंय. एकमेकांना आवडायला पाहिजे असं मी त्यात कुठेही घातलेलं नाही."

मी हातातली खुरपी त्याच्या पायाशी टाकली — फेकली. सांगितलं की मी कॅथलिक आहे. लग्न हा आमच्यात संस्कार असतो, तुकडा मिळवायचं कार्ड नव्हे. आणि ज्यानं माझी अर्धा फूट पायवाट चोरली त्याच्याशी तर मुळीच नाही.

म्हणाला, "तो अर्धा फूट परत मिळवायचा याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही."

निर्लज्ज! घरापर्यंत रागानं चालत आले. नंतर कळलं, छत्री तिथेच राहिली.

शनिवार, २९ सप्टेंबर. मायकेलमास

किल्ली दिली. पेनीनं दोन्ही हातांनी घेतली, त्यामुळे टाकून बोलता आलं नाही. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोडू का, विचारत होती. म्हटलं, जुनी माणसं सांगतात, आज शेवटचा दिवस, उद्यापासून सैतान त्यांच्यावर थुंकतो. हसली. मी हसले नाही, तेव्हा घाईघाईनं तोडायला लागली.

फाटकाबाहेर उभं राहून मोजलं. सहा, दोन, तीन. लाल लोकर लांबूनही दिसते. पानं अजून हिरवीगार.

हेस्केथनं छत्री फाटकाला अडकवून ठेवली होती. तो स्वतः दिसला नाही. बरंच झालं. कुठे होता?

मंगळवार, २ ऑक्टोबर

फादर डेलेनींकडे जाऊन आले. मेथडिस्ट चालेल म्हणाले, पण बिशपांची परवानगी लागते, नाताळपर्यंत येईल. मी म्हटलं, फादर, नोव्हेंबरच्या आत पाहिजे, रुबार्ब थांबत नाही. आणि फॉर्मवर वराच्या रकान्यात मीच लिहिलं, माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात: एमोस.