इम्प्रूव्हिंग बिगिनरसाठी योग्य फळी

रविवार, ४ एप्रिल १९९९. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
ठीक या वेळी, रामघाटाच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, आमच्या तरण मंडळाचे सेक्रेटरी बिंदुमाधव यांनी गंगापार पोहण्याच्या यादीतून माझे नाव कापले. तेही ईस्टरच्या दिवशी. कारण, साठीपुढच्यांना मनाई. नियम कालच केला. मी बासष्टची आहे हे त्यांना माझ्याच वाढदिवसाचे पेढे खाताना कळले होते. मागच्या वर्षी मी मध्यावर नावेत चढले, हेही त्यांनी मोठ्याने सांगितले. चढले, कारण विश्वेश्वर मल्लाहची नाव रिकामीच चालली होती. दमण्याचा संबंध नव्हता. विद्युल्लताबाई, तुम्ही आता खुर्चीत बसून मजा बघा, म्हणाले. जन्मभर कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवले, वर्गात खुर्चीला पाठ टेकवली नाही.
निश्चय: २५ तारखेला, त्यांच्याच स्पर्धेच्या दिवशी, मी पैलतीरी पोचणार.

सोमवार, ५ एप्रिल. दुपार.
नियम पोहण्याला आहे. न पोहता पार होण्याला नाही. वरच्या खोलीतला फ्रेंच भाडेकरू जाताना एक इंग्रजी मॅगझिन सोडून गेला. त्यात नवा खेळ आहे, काइटबोर्ड. पायाखाली फळी, हातात भलामोठा पतंग, वारा ओढून नेतो. हे लोक समुद्र शोधत हिंडतात. आपल्याकडे पछुवा, म्हणजे पश्चिमेचा वारा, घाटावरून सरळ पलीकडच्या रेतीकडे वाहतो. फुकट.
मॅगझिनमध्ये तीन वर्ग आहेत. बिगिनर, इम्प्रूव्हिंग बिगिनर, एक्स्पर्ट. बिगिनरचा भाग जेवणानंतर वाचून संपवला. तेव्हा मी दुसऱ्या वर्गात.

बुधवार, ७ एप्रिल.
पतंग सुटला, म्हणजे प्रश्न सुटला. माझी जुनी नायलॉनची साडी दिली. तिच्या टिकाऊपणाबद्दल कधीच तक्रार नव्हती, रंगाबद्दल सगळ्यांची होती. चौकातल्या पतंगवाल्याने बांबू बांधून देतो म्हटले. कितने साल का बच्चा है, विचारले. मी म्हटले, बासठ.
राहिली फळी. मॅगझिन म्हणते, इम्प्रूव्हिंग बिगिनरची सर्वांत मोठी चूक म्हणजे घाईने फळी निवडणे. मी घाई करणार नाही. घरात पाट आहेत. सागवानी, फणसाचा पितळी फुलांचा, आणि आंब्याचे चार. पिढ्यान्‌पिढ्या माणसे पेलत आलेत.

शनिवार, १० एप्रिल. पहाटे.
सागवानी पाटाची चाचणी. पाट उत्तम तरंगतो. मी उभी राहिले की आम्ही दोघे तळाशी. याला मॅगझिनमध्ये स्टेबिलिटी म्हणतात, पण अपेक्षा वेगळी असावी. विश्वेश्वर नावेतून बघत होता. बहिनजी, ओह पार केकरे इहाँ पंगत हौ, म्हणजे पलीकडे कुणाकडे जेवण, असे विचारून त्याने चार नावांना हसवले. मी ओठ मिटून पाट उचलला. ओठ मिटून ठेवण्याचे दुसरे कारण पाणी होते.

सोमवार, १२ एप्रिल.
पाय सटकतात, हे निदान. फणसाच्या पाटाला हवाई चपलेचे पट्टे खिळ्यांनी ठोकले. पितळी फूल एकच उडाले.
चाचणी केली. आता पाय सटकत नाहीत, त्यामुळे बुडताना पाट सोबत येतो. प्रगती.
वहिनी, म्हणजे धाकटा भाऊ रत्नाकर याची बायको अन्नपूर्णा, म्हणाली, वन्सं, त्यावर ब्राह्मण जेवतात हो. मी म्हटले, खिळे वाकवलेत.

बुधवार, १४ एप्रिल.
मॅगझिन पुन्हा वाचले. फळी बुडत असेल तर मोठी घ्या, आणि खाली फिन, म्हणजे माशासारखे पर, हव्यात, म्हणजे फळी भरकटत नाही. किती सोपे! देवघरातला चौरंग. पाटाच्या दीडपट, आणि खाली चार फिन, त्याही कोरीव. परदेशात हे सुचले नसेल.
वजनाचा तक्ता पाहिला. माझे चौपन्न किलो. कँट स्टेशनवरच्या यंत्राचे तिकीट आहे. थोडे जुने आहे, पण छापील आहे.
चौरंग रात्री माझ्या पलंगाखाली.

रविवार, १८ एप्रिल.
आज घरात सत्यनारायण. हे मला कोणी वेळेवर सांगितले नाही, किंवा सांगितले तेव्हा मी वारा मोजत होते. चौरंग सापडेना म्हणून वहिनीने देव फणसाच्या पाटावर मांडला. कलश ठेवताना गुरुजी थांबले. रत्नाकर, हे पट्टे कसले, विचारले. रत्नाकर म्हणाला, ताईचे. गुरुजींनी कलश ठेवला. या घरात येतात त्याला बरीच वर्षे झाली.
प्रसाद मला सर्वांत शेवटी मिळाला. तोही खरपुडीचा.

गुरुवार, २२ एप्रिल.
पतंग आला. गल्लीत मावला नाही, गच्चीवरून उतरवला. रत्नाकर संध्याकाळी खोलीत येऊन बसला. ताई, नाव कापले म्हणून एवढे? मी सांगितले, हा खेळाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, मग खेळ. पण बुडू नकोस, एवढेच. नंतर उगाच चष्मा पुसत बसला. हल्ली त्याचे डोळे फार पाणावतात. डॉक्टरला दाखवायला हवे.
फणसाच्या पाटाचे पट्टे काढून चौरंगाला ठोकले, पण त्याची पाण्यातली चाचणी मुद्दाम केली नाही. फळी ताजी असावी.

रविवार, २५ एप्रिल. सकाळी ११.
सविस्तर लिहिते, म्हणजे उद्या कोणी वेगळे सांगू नये.
पावणेसातला मी चौरंगावर, गुडघाभर पाण्यात, पाय पट्ट्यांत. पोहणारे रांगेत. लाउडस्पीकरवर बिंदुमाधव. पछुवा आला, पतंग उठला. अख्खा घाट, नावा, न्हाणारे, सगळे वर बघू लागले. साडीचा रंग प्रथमच शोभला. दोर ताणला. मी निघाले.
चौरंग निघाला नाही. चारही फिन गाळात पक्क्या रुतल्या होत्या. म्हणजे भरकटण्याबाबत मॅगझिन बरोबर होते. पट्टे तुटले, मी बसले, दोर सुटला. पतंग एकटाच पलीकडे गेला आणि रेतीवर व्यवस्थित उतरला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. आणि बिंदुमाधव लाउडस्पीकरवर म्हणाले, आमच्या ज्येष्ठ भगिनींनी पतंग उडवून यंदाच्या स्पर्धेचे उद्घाटन केले आहे. त्याबरोबर सगळ्यांनी उड्या मारल्या. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसे पोहत गेली. मला दोघांनी उचलून वर नेले आणि ओल्या कपड्यांनिशी हार घातला. फोटोही काढला. विश्वेश्वर म्हणाला, बहिनजी, अइसन उद्घाटन त मंत्रियो से ना होई.

सोमवार, २६ एप्रिल.
सेक्रेटरींना पत्राचा मसुदा.
महोदय, दिनांक २५ रोजी मी उद्घाटन केलेले नाही. मी स्पर्धा केली. माझे साहित्य विनासहाय्य पैलतीरी पहिले पोचले. यादीत माझे नाव पूर्ववत घालून तशी नोंद करावी. हार परत करीत नाही, कारण गाय खाऊन गेली.
पुढे, असे न झाल्यास पुढच्या वर्षी उद्घाटनाला मी येणार नाही, असे लिहिले होते. ते वाक्य खोडले. गरज वाटत नाही.
उत्तर लेखी हवे. शुक्रवार, ३० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत.