उलट्या विमानाबद्दल माझा निकाल

मनीषनगर, नागपूर
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. दुर्गेशला बाबांचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही आहेत तसेच आहेत. तू कसा आहेस हे परवाच विचारणार होतो, पण तू आमच्या डोक्यावरून इतक्या घाईत गेलास की सवड झाली नाही.

पत्राचं कारण तुला ठाऊक आहे. बारा वर्षं तू भर समुद्रात जहाजावरच्या एवढ्याशा पट्टीवर लढाऊ विमान उतरवलंस (अंबाझरी तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या आपल्या घराण्यात हे कुठून आलं, देव जाणे), आणि आता तीन वर्षं कसरतीच्या तुकडीत तेच उलटंपालटं करून लोकांना दाखवतोस. मी दरवेळी 'पुरे आता' म्हणत आलो. शेवटी दिवाळीत तूच म्हणालास, "बाबा, एकदा तुमच्या डोळ्यानं पाहून घ्या. मंग सोड म्हणसान तं दुसऱ्या दिवशी सोडून देतो." यंदा तुमची तुकडी नागपुरातच आली आणि माझी पळवाट बुजली.

तर गेलो. खालच्या मजल्यावरचे अनंतराव दुर्बीण घेऊन सोबत आले होते (पहिला अर्धा तास ते एका घारीला 'वा दुर्गेश, वा!' म्हणत होते). आईने तुझ्यासाठी पुडाच्या वड्यांचा डबा घेतला होता. वैमानिक मधेच खाली येऊन डबा नेत नाहीत, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. वड्या अनंतरावांनी संपवल्या.

मग तुम्ही आलात. त्या आवाजासरशी मी तुझ्या आईचा हात धरला. (गांधीबागेतल्या दुकानात तू कापडाच्या थप्पीवरून उड्या मारायचास तेव्हा मी पाठ फिरवून उभा राहायचो, ते आठवलं.) तू उलटा झालास, सरळ झालास, एकटाच वर गेलास, वर जाऊन थांबलास आणि गिरक्या घेत खाली आलास. मी सगळं नीट, शांतपणे पाहिलं. निकाल असा, की सोड. तू फार सुंदर उडतोस, माझा ऊर भरून आला, पण हे मला पुन्हा सोसवणार नाही. तू एकुलता एक आहेस. जमिनीवरचं काम माग आणि रोज संध्याकाळी आईला फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. : पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डोळे तं गच्च मिटून होते तुमचे. कोणं पाह्यलं जी?" खरं आहे. उलटा, सरळ, वर, खाली, हे सगळं तिने माझा हात धरून सांगितलं, तेच मी लिहिलं.

आणखी एक : अडतीस वर्षं मी कापड विकलं. ठाण उलगडून न पाहता 'नको' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कधी गादीवरून उठू दिलं नाही. आज मीच तसं गिऱ्हाईक झालो. तेव्हा वरचा निकाल रद्द. पुढचा खेळ कुठे आहे ते कळव, आणि तुझा बाप डोळे उघडेपर्यंत उडत राहा.

(आईच्या अक्षरात) बाळा, पाकीट मी चिकटवून राहिली म्हणून लिहिते. यांले सांगू नको. तू उलटा झाला तेव्हा माझेबी डोळे मिटले. पुढचं सारं अनंतरावले विचारून सांगितलं. आता पुढच्या खेळाले दोघंही येतो, एकाचे तरी उघडे राहतीन. डबा पहिले घे, मंग उड.