घरच्या कॉम्प्युटरला कुलूप

९ नोव्हेंबर, रविवार

दुकानदाराने वाचलं!

पंखा घरघर करायला लागला म्हणून कॉम्प्युटर राजाजीनगरला दुरुस्तीला दिला होता. आज आणायला गेले. दुकानदार चांगला वयस्क, कपाळाला गंध. हसत हसत कन्नडात म्हणतो, "अक्का, काय कथा लिहिता हो तुम्ही! त्या उदबत्तीच्या कारखान्यातल्या बाईचं पुढं काय झालं?"

कथा! मी लेखिका आहे असं वाटलं त्याला.

ती बाई खरी आहे. तिचा मोडलेला हात खरा आहे. घरी मार खाणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या आमच्या संस्थेची मल्लेश्वरमची खोली मालकाने काढून घेतली, तेव्हापासून सगळ्या बायकांचे जबाब माझ्या घरी, ह्या एका कॉम्प्युटरवर. काही मराठीत, बरेच कन्नडात, काहींचे नुसते आवाज. फोल्डरला मुद्दाम 'हळदीकुंकू' नाव दिलं होतं — कंटाळवाणं वाटावं, कुणी उघडू नये म्हणून. उघडलंच की!

"अजून लिहायचं आहे," एवढंच म्हटलं आणि रिक्षात बसले. मशीन मांडीवर, आजारी लेकरू धरावं तसं घट्ट.

१० नोव्हेंबर

सुचेताला फोन केला. ती मूळची पुण्याची, इथं आयटीत. कोर्टाच्या तारखेला बायकांसोबत जाऊन बसते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण ताई, पासवर्ड होता ना?"

होता. दुरुस्तीला लागतो म्हणाला, मीच सांगितला!

तिचं म्हणणं, विंडोज काढूनच टाकू. तसंही जुनं झालंय, गेल्या महिन्यापासून अपडेट बंद. लिनक्स घालू. फुकट असतं, कुणा एका कंपनीचं नसतं, आणि ते कसं बनवलंय हे सगळ्या जगाला उघडं असतं. मी म्हटलं, बाई, मला बंद पाहिजे, उघडं नको! खूप हसली. "ताई, कुलूप कसं बनतं ते सगळे बघू शकतात, म्हणून तर त्यातली खोट लगेच सापडते. किल्ली मात्र फक्त तुमच्याकडे. सगळी डिस्क एन्क्रिप्ट करायची. मशीन कुणी उचलून नेलं तरी त्याला आत नुसता भुसा दिसेल."

भुसा. तो शब्द ऐकून जरा बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं — कामावरून आले की हे रोज त्यावरच बुद्धिबळ खेळतात. आमच्या लेकीच्या, मुग्धाच्या लग्नाचे फोटोही त्यातच.

"बरं केलंस. पासवर्ड मला सांगून ठेव हं, अडीनडीला लागेल."

"नाही सांगता येणार."

चहाचा कप तसाच हातात. "माझ्यापासूनसुद्धा?"

ह्या माणसाने एवढ्या संसारात माझी पर्स कधी उघडली नाही. माझ्या नावाचं टपाल कधी फोडलं नाही. मी म्हटलं, "अहो, तुमच्यापासून लपवायचं म्हणून नाही. पण ते माझं नाहीच. त्या बायकांनी मला सांगितलंय, आपल्याला नाही."

"सरी," म्हणाले.

कन्नडात 'सरी' म्हणजे 'बरं', पण आमच्या घरात 'सरी' म्हणजे पटलं असं नाही. सरी म्हणजे बोलणं संपलं.

१४ नोव्हेंबर

उप्पीट केलं होतं. ह्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही. दुखलंय!

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं! मी केलं, माझ्या हाताने!

सुचेता शेजारी खुर्ची घेऊन दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. "मी केलं तर उद्या अडलात की मलाच बोलवाल." आधी सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं, त्या डिस्कलाही कुलूप. फोटो ह्यांच्यासाठी पेनड्राइव्हवर. मग दुसरा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं, एकेका पानावर 'पुढे, पुढे' करत गेले. एका पानावर लिहून आलं — ह्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. माझं बोट हलेना. उतरवून घेतलंय हे माहीत होतं, तरी हलेना. एकेक बाई माझ्यासमोर बसून, पदराचं टोक पिळत पिळत बोललेली. एकीला तर पहिलं वाक्य बोलायलाच तीन खेपा लागल्या होत्या. आणि मी पुसू म्हणते!

"ताई, दुसरी प्रत उघडून बघितलीय आपण," सुचेता हळूच म्हणाली.

दाबलं.

मग पासवर्डची जागा आली. ती उठलीच. "मी गॅलरीत जाते. मला बघायचंसुद्धा नाही. लांबलचक ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. नवऱ्याचं नाव, लेकीचा वाढदिवस काही नको. आणि विसरलात तर मी काय, ज्यांनी हे बनवलं तेही उघडू शकणार नाहीत."

एवढं कशाला सांगायचं! पण सुचलं काहीतरी, निपाणीच्या माहेरचं आणि मल्लेश्वरमच्या बाजारातलं मिळून. वाचून कुणाला काही कळायचं नाही. मलाच जरा हसू आलं.

वायफाय सापडेना, फोन वायरने जोडून चालवलं तेव्हा कुठं ते जागं झालं. उलट दोन वर्षं रुसलेला प्रिंटर न सांगता चालू! सगळे जबाब परत मशीनवर आणले. मराठी, कन्नड दोन्ही टाइप होतंय. सुचेताने जाताना बजावलं, काम झालं की पूर्ण बंद करायचा, नुसता झोपवायचा नाही. चालू असला की कुलूप उघडंच असतं.

हे दिवसभर बाहेर होते. आल्यावर पेनड्राइव्ह दिला. खिशात घातला, बघितला नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी पासवर्ड घेईना! परत परत घातला. गेलं सगळं, असंच वाटलं. आणि बघते तर मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं. देवा!

२१ नोव्हेंबर

ह्यांनी बुद्धिबळाचा लाकडी पट आणलाय. खालच्या मजल्यावरच्या भीमाचार्यांबरोबर पायरीवर बसून खेळतात. रोज हरतात म्हणे. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

दुसरा पासवर्ड जोडून त्यांना देता येईल का, विचारलं सुचेताला. देता येईल म्हणाली. "पण किल्ली देणं म्हणजे किल्ली देणंच, ताई. ठरवा तुम्ही." सगळा दिवस विचार केला. नाही दिला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दाराला कडी घालून लिहितेय.

बाजारातून आले तर घरात महांतेश! आम्ही जिला सुरक्षित जागी ठेवलंय, तिचा नवरा. ह्यांची आज सुट्टी. ह्यांनी त्याला बसवून कॉफी दिलेली. त्यांना काय माहीत तो कोण! मी दारातच थबकले. महांतेश रडत होता. खरं पाणी डोळ्यांत. "शिवकुमार अण्णा, मी भांडायला आलो नाही. लेकरं आई आई करतात. ती कुठं आहे एवढंच पाहिजे. अक्कांच्या कॉम्प्युटरात असणारच. स्वल्प, जरा बघून सांगा."

"मला उघडता येत नाही," हे म्हणाले.

"बायकोचा कॉम्प्युटर नवऱ्याला उघडत नाही?"

"नाही येत. बघा." आणि ह्यांनी खरंच बटण दाबून दाखवलं. काळा पडदा, पासवर्डसाठी एक रिकामी चौकट.

महांतेश त्या चौकटीकडे बघत राहिला आणि त्याचं रडणं थांबलं. असं थांबलं की जणू नळ बंद केला. उठला, टेबलाला लाथ मारली, कप फुटला. "थू! नवरा म्हणवतोस?" मला ढकलून जिना उतरून गेला.

मी फुटलेला कप गोळा करत होते. हे म्हणाले, "महानंदा, मला येत असता ना पासवर्ड, तर मी दिला असता पत्ता. रडत होता ग तो."

त्यांनीच माझ्या हातातले तुकडे घेतले. "बोट कापून घेशील," म्हणाले.

दोघांनी जाऊन पोलीस ठाण्यात तक्रार दिली. सुचेताला कळवलं. महांतेशच्या बायकोला आज संध्याकाळीच दुसरीकडे हलवतायत.

२६ नोव्हेंबर

उप्पीट. दोनदा मागून घेतलं!

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी बेल वाजली. दार ह्यांनी उघडलं. त्यांची धाकटी बहीण प्रतिमा, यशवंतपूरहून, एकटीच. पायात घरातल्या स्लिपर. हे म्हणाले, "अगं, भावजी कुठायत?" ते भावजी म्हणजे तिचा नवरा, सगळ्या घराचा लाडका जावई. स्थळ ह्यांनीच आणलेलं.

ती त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "वैनी, माझं लिहून घे. अण्णाला सांगू नको."

अण्णा समोरच उभे. रंग उडाला चेहऱ्याचा. तिच्यासाठी खुर्ची ओढली, कॉम्प्युटर चालू करून दिला, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.