बारक्याची लाल गाडी

दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींच्या हिरव्या गाडीचं मॉडेल आज पार्सलने पाठवलंय. आतला कापूस हळू काढ, आरसा तुटेल. तुझं खोकी उघडणं मला चांगलं माहीत आहे.

दाजींची आठवण जागी राहायला ओळखीच्या वस्तू हातात द्या, असं डॉक्टर म्हणाले ना? मग शर्यतीच्या गाडीहून दाजींच्या ओळखीचं दुसरं काय असणार! दुकानात मिळतो तो सांगाडा साध्या घरगुती मोटारीचा. मागची सीट कापली, काचा काढल्या, आत चालकाला जपणारा तारेचा पिंजरा बसवला, तेव्हा कुठे ती शर्यतीच्या मैदानातली झाली. दारावरचा नंबर आणि जाहिराती विकत मिळत नाहीत, त्या मी घरीच छापल्या. पाण्यात भिजवायच्या आणि कागदावरून अलगद दारावर सरकवायच्या. श्वास सोडला की चुरगळतात. छापखान्यात जन्म गेला आणि आता नखाएवढी अक्षरं छापत बसलाय, म्हणून तुझी भावजय हसते.

दाजी काय म्हणाले ते लगेच कळव. आहे ती माया वाढती ठेव.

तुझा,
बाबू

दि. १७ फेब्रुवारी

चि. बाबूस,
अ. उ. आ.

गाडी पोचली. आरसा तुटला. ओरडू नकोस.

अरे, हे बोलले! हिवाळाभर हुंकारापलीकडे शब्द नव्हता. गाडी मांडीवर घेतली, चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाले, उजवीकडची चाकं लहान झालीत. मी म्हटलं, सारखीच तर आहेत. तर मला वेड्यात काढून सांगितलं की मैदानात वळण कायम डावीकडेच असतं, म्हणून उजवी चाकं जराशी मोठी लावायची. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

पण तेव्हापासून बारक्याचा धोशा लावलाय. माझा हा धाकटा दीर ह्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या लाल गाडीत, भिंतीवर आपटून गेला. तेवढंच नेमकं ह्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय. ताटावर बसले की विचारतात, बारक्या कुठे राहिला. मी म्हणते, गॅरेजमध्ये आहे, येईल. रोज खोटं बोलून जीव विटलाय. काल म्हणाले, निदान त्याची गाडी तरी दाखव. करशील का रे तेवढी? कदाचित ती बघून शांत होतील.

भावजयीला आशीर्वाद. पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी,
ताई

दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लाल गाडीचं हिला वाचून दाखवलं. ही म्हणते, करू नका, जखमेवरची खपली निघेल. मलाही तसंच वाटतं. पण रोज दाजींसमोर तू बसतेस, मी नाही. करतो.

तिच्या बॉनेटवर बेकरीची पांढरी, तिरकी अक्षरं होती. फोटोवर पातळ कागद ठेवून ती पेन्सिलने उतरवून पाठव. माझ्या यंत्राला पांढरं छापता येत नाही, म्हणून पांढऱ्या कागदावर अक्षरांभोवतीचा लाल छापावा लागेल, आणि तो गाडीच्या लालशी जुळवावा लागेल. गाडी त्या शर्यतीआधीची करतोय. धडधाकट, एकही पोचा नसलेली.

जिवाला जप. तुझा लोभ हीच माझी शिदोरी.

तुझा,
बाबू

दि. ४ एप्रिल

चि. बाबूस,
अ. उ. आ.

फार वाईट झालं रे.

गाडी ह्यांच्या हातात दिली. मग बॉनेटवरून बोट फिरवत म्हणाले, हिचं नाक तर चेपलं होतं, ही धड कशी? आणि मला विचारलं, बारक्याचं काय झालं, खरं सांग. माझ्याच्याने खोटं बोलवेना. सांगून टाकलं. असा हंबरडा फोडला की शेजारची शिंपीण शिवण टाकून धावत आली.

सकाळी उठले तर काही आठवत नव्हतं. फळीवर लाल गाडी दिसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. बारक्या रोज नव्याने मरतोय. कपाटात लपवली, तर भावाची गाडी चोरली म्हणून घरभर शोधत फिरले आणि टेबलावर कपाळ फोडून घेतलं. समोर ठेवली की रडतात, उचलली की शोधतात. मी काय करू, सांग.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मागितली मीच होती.

तुझी,
ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी येतो आणि गाडी घेऊन जातो. शनिवारी निघतोय. तोवर हिरवी त्यांच्या हातात दे. माझी हौस तुमच्या जिवावर उठली. बाकी समक्ष बोलू.

तुझा,
बाबू

दि. १२ एप्रिल

चि. बाबूस,
अ. उ. आ.

ये, पण गाडीसाठी येऊ नकोस. आता ती नेता येणार नाही.

आज दुपारी ह्यांनी मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि हळूच सांगितलं की बारक्या गेला. वळणावर टायर फुटला. पिंजरा वाकला होता, दार उघडेना. हे पोचले तेव्हा त्याचा हात बाहेर लोंबत होता. तो धरून बसले, बराच वेळ ऊब होती, म्हणाले. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर मला बोलले नव्हते. मी आजच ऐकतेय असं समजून माझे डोळे पुसले. मला धीर देत होते, बाबू.

मग म्हणाले, आईला इतक्यात कुणी सांगू नका, मीच जाऊन सांगतो. सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, तुला ठाऊक आहे. मी बरं म्हटलं. इस्त्रीचा सदरा मागितला, तो घातला. बूट मागितले, मी बांधून दिले.

आता दाराजवळच्या खुर्चीत बसलेत, मांडीवर लाल गाडी आहे. उठत नाहीत. निघायचं का म्हटलं, तर म्हणतात, जरा थांब, आईला जेवू दे आधी. मी चपला घालून शेजारीच बसलेय आणि हे लिहितेय.

तुझी,
ताई